एकशे दोन पायऱ्या

लिफ्टचं बटण अकराव्यांदा दाबूनही दिवा लागला नाही, तेव्हा मिस्त्रींनी दाराला लाथ घालायला पाय उचलला. पोटरीत कळ आली म्हणून तो तसाच खाली ठेवला.

चाळीस वर्षं शहरभरच्या लिफ्ट दुरुस्त करून ते आता घरी बसले होते. घर पहिल्या मजल्यावर, पायऱ्या अवघ्या सतरा. पण त्या सतराही मिस्त्री कधी चढले नव्हते. "जन्मभर लोकांना जिने चढण्यापासून वाचवलं, आता मीच चढू?" असं ते गेल्याच आठवड्यात डॉक्टरांना सुनावून आले होते.

डॉक्टर शांतपणे म्हणाले होते, "साखर भयंकर वाढलीये. पायांत रक्त नीट पोचत नाही. खाणं सुधारा, रोज चाला, चढा. नाहीतर वर्षाच्या आत पाय कापायची पाळी येईल."

"बघून घेऊ," म्हणत मिस्त्री उठले होते. मिस्त्रीणबाईंनी वाद घातला नव्हता. डॉक्टरांचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला होता, एवढंच.

लिफ्ट बघायला कंपनीकडून आला तो मिस्त्रींचाच जुना चेला. आता स्वतः साहेब झालेला, पोट सुटलेला. गच्चीवरच्या मशीन रूममधून खाली येऊन तो म्हणाला, "उस्ताद, पॅनेलमधला वीज जोडणारा रिले गेलाय. मॉडेल जुनं आहे. नवा कधी मिळेल, सांगता येत नाही."

"रिले गेलाय?" मिस्त्रींनी डोक्यात राख घालून घेतली. "अरे, दाढीच्या पात्यानं घासून चालवला असता मी! मला वर ने."

"कसा नेऊ? लिफ्ट बंद आहे." चेला गालातल्या गालात हसला. "तुम्हीच चढा. किल्ली काकूंकडे ठेवून जातो."

झालं! मिस्त्री इरेला पेटले. पाय जायचा तर जाईल, पण ज्याला पाना धरायला शिकवलं त्यानं हसावं? पहिल्या मजल्यापासून गच्चीपर्यंत एकशे दोन पायऱ्या होत्या. त्या चढायच्या, स्वतःच्या हातानं लिफ्ट चालू करायची आणि चेल्याला त्याच लिफ्टमधून खाली पाठवायचं.

पहिल्या दिवशी नऊ पायऱ्यांवर ते मटकन बसले. छाती भात्यासारखी चालली होती. मिस्त्रीणबाई शेजारी टेकल्या.

"उद्या दहा," त्या म्हणाल्या.

"पंधरा!"

"दहाच. आणि पोटात ती बिस्किटं घेऊन चढणार का?"

मिस्त्रींनी त्याच दिवशी बिस्किटांचा डबा वाटून टाकला. रागानंच, पण टाकला. मग सकाळी सहाला उठणं, मैदानाला दोन फेऱ्या, मग जिना. ताटात उकडलेला कोबी, काकडी, मोड आलेली कडधान्यं. मिस्त्रींनी नाक मुरडलं की बाई आपलं ताट दाखवायच्या. त्यातही तेच असायचं. रात्री दहाच्या ठोक्याला दिवे बंद.

दुपारी दोनला मिस्त्रींचा डोळा लागला की बाई बादली घेऊन गच्चीवर जायच्या. चारला जाऊन कपडे काढून आणायच्या.

"दोन माणसांचे कपडे ते किती!" मिस्त्री कुरकुरायचे.

"रोज घाम कोण गाळतंय?"

कधीकधी झोपेत मिस्त्रींना लिफ्टची घरघर ऐकू यायची. उठल्यावर बटण दाबून बघावं, तर दिवा नाही.

"चाळीस वर्षांचा आवाज," बाई म्हणायच्या, "कानातून इतक्यात जाईल होय?"

नवल होतं ते सहाव्या मजल्यावरच्या वकिलांचं. माणूस पिंपासारखा, गळक्या नळापायी घरमालकाला तीन वर्षं कोर्टात खेळवलेला. आणि लिफ्टबद्दल चकार शब्द नाही! जिन्यात भेटले तेव्हा मिस्त्रींना राहवलं नाही.

"वकीलसाहेब, कंपनीला कोर्टात खेचा की!"

"बघू." वकिलांनी कपाळ पुसलं. "तुम्ही कुठवर पोचलात?"

"एक्केचाळीस."

"वा, वा!" म्हणत ते धापा टाकत वर गेले. घाबरट लेकाचा, मिस्त्री मनात म्हणाले.

तीन महिन्यांत पट्ट्याला नवी तीन भोकं पाडावी लागली. तपासणीचे आकडे बघून डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "पाय वाचला तुमचा," ते म्हणाले.

"पायाचं राहू द्या. लिफ्ट अजून बंदच आहे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री निघाले. साठाव्या पायरीला पोटऱ्यांत गोळे आले. ऐंशीला बाई म्हणाल्या, "बसा जरा." ते बसले नाहीत. एकशे दोनावी पायरी चढून गच्चीच्या उन्हात आले, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. ते दिसू नये म्हणून त्यांनी आरोळी ठोकली, "बोलाव त्या चेल्याला! म्हणावं, उस्ताद पोचले!"

बाईंना धापसुद्धा लागली नव्हती. "आधी आत तर जा," असं म्हणत त्यांनी किल्ली दिली आणि दोरीवरचे चिमटे मोजायला लागल्या.

मिस्त्रींनी कुलूप काढलं, खिशातलं पातं बोटांत धरलं आणि पॅनेल उघडलं. रिले लख्ख होता. नुकतंच कुणी तेलपाणी केल्यासारखं मशीनही चकचकीत. एकही वायर सुटलेली नव्हती. फक्त मेन स्विच बंद होता, आणि त्याच्यावर मिस्त्रीणबाईंच्या वळणदार अक्षरातला कागद चिकटवलेला होता. 'लिफ्ट चालू: दुपारी दोन ते चार, रात्री दहा ते पहाटे पाच. एरवी सर्वांनी जिना चढावा.' खाली बिल्डिंगमधल्या एकूण एक घराची सही होती. पहिली वकिलांची, आणि सगळ्यांत शेवटी चेल्याची. त्याखाली लाल पेनानं एक ओळ लिहिली होती: 'मिस्त्री स्वतःच्या पायांनी इथं येऊन हे वाचेपर्यंत लागू.'