तीनानं भाग

"नंबर आला!" हमदुल्ला चाचा दारातूनच ओरडला. "बोल तैयबा, आपला कुठला?"

तैयबाला तो आठवेना. दिघीच्या त्या घरात जमलेली सगळी माणसं तिच्याकडं बघत होती. सकाळी आखातात एक टग, मोठी जहाजं ओढणारी बोट, पेटली होती. माणसांचा शोध चालू होता. टगचं नाव मरजान, आणि तैयबाचा नवरा हुझैफा कामाला होता तीही मरजानच. पण त्या नावाच्या टग तिकडं ढीगभर. मालक बदलला की नावं बदलतात. खरी ओळख अंगावर रंगवलेल्या सात आकडी नंबराची; तो कधी बदलत नाही. हुझैफाचा फोन लागत नव्हता, मुंबईचा एजंट उचलत नव्हता.

"नवऱ्याच्या जहाजाचा नंबर ठाव न्हाय?" सासूचा आवाज फाटला. "आणि म्हणे गणितात बीएस्सी!"

सांगितला होता त्यानं. नव्या टगवर चढला त्याच दिवशी. पण तैयबा तेव्हा चिल्ल्यात होती, बाळंतिणीच्या चाळीस दिवसांत. यशरा मांडीवर रडत होती आणि तैयबाचं सगळं ध्यान पोरीच्या श्वासाकडं. नंबर कानावरून गेला. लक्षात राहिलं ते त्याचं हसणं. "नंबराचं मोबाइलला विचारलं मी. मूळ संख्या आहे म्हणे, तुझ्या कॉलेजातली. एक आणि ती स्वतः, बाकी कुणालाच दाद देत नाय. बघ, जहाजही बायकोसारखं हट्टी मिळालं!"

हुझैफा थट्टा फार करायचा. खोटं मात्र बोलायचा नाही.

"चाचा, वाचा. सावकाश."

"नऊ, एक, चार, सात, दोन, सहा, एक."

शेवटी एक. म्हणजे दोनानं जात नाही, पाचानंही नाही. नंबर मूळ असूही शकत होता. तिचे ओठ हलू लागले. नऊ, दहा, चौदा, एकवीस...

"दुवा मागतेय बिचारी," कुणीतरी पुटपुटलं. "मागू दे."

तेवीस. एकोणतीस. तीस.

"पुन्हा वाचा."

चाचानं वाचला. पुन्हा तीसच.

"बेरीज तीस, तीनानं जातो!" तैयबा भिंतीला टेकली. "अम्मी, याला तीनानं भाग जातो. आपल्या नंबराला कशानंच जात नाही. ही हुझैफाची टग नव्हे."

अम्मीला आकडे कळले नाहीत, सुनेचा चेहरा कळला. घरानं मोकळा श्वास घेतला. कुणी हसलं, कुणी चहा टाकायला उठलं. तैयबानं यशराला छातीशी धरलं आणि इतका वेळ अडवलेलं रडू येऊ दिलं.

अम्मी मात्र नमाजाचा मुसल्ला अंथरू लागली.

"शुक्रान्याची नमाज काय, भाभी? आभाराची?" चाचानं विचारलं.

"ती मागाहून," अम्मी म्हणाली. "तीनानं भाग जाणाऱ्या जहाजावर पण कुणाची तरी पोरं हायत."