मोहाखालची सभा

१९२६ सालची गोष्ट. स्वीडनहून आलेले होल्म साहेब धडगावजवळच्या एका पाड्यावर दर रविवारी मोहाच्या झाडाखाली उभे राहून येशूबद्दल बोलायचे. ऐकायला समोर फक्त त्यांची मडम बसायची. पाड्यावरची माणसं लांबूनच बघायची आणि आपल्या कामाला निघून जायची.

पावसाळ्यात मडम तापानं गेली. साहेबांनी तिला तिथेच पुरलं आणि मायदेशी परतायचं ठरवलं. तरी पुढच्या रविवारी ते सवयीनं झाडाखाली येऊन उभे राहिले, तर समोर पाच-सहा माणसं बसलेली. साहेबांना भरून आलं. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा जास्त वेळ बोलले, पण कुणी उठलं नाही. त्यानंतरच्या रविवारीही तेवढीच माणसं आली, आणि सगळे चेहरे नवे होते.

होळीपर्यंत पाड्यावरच्या बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी येऊन गेलं. आपला शब्द घरोघर पोचला, याबद्दल साहेबांना आता शंका उरली नव्हती. परतायचा बेत मोडून त्यांनी प्रार्थनाघरासाठी सागाची लाकडंही आणवली.

एका रविवारी सभा संपल्यावर पहिल्यांदाच आलेल्या रेवाबाईला त्यांनी न राहवून विचारलं, "बाई, तुला इथं कुणी बोलावलं?"

रेवाबाईला बाजारापुरती अहिराणी येत होती. ती म्हणाली,


"कोनी नही. आज आम्हना घरनी पाळी शे. मडम गयी, आते तू एकलाच कोनासंगे बोलशी? म्हनीसन गावनी पाळी लाई दिधी."