जिवंत पोरीला शेवंती

"शेवंती नको," ओदील म्हणाली. "आमचं कुणी गेलेलं नाही."

फुलवालीनं कुंडी परत खाली ठेवली. चर्चसमोरचा चौक शेवंतीनं नुसता पिवळा झाला होता. उद्या सर्व संतांचा सण. ज्यानं त्यानं आपापल्या माणसाच्या थडग्यावर एक कुंडी ठेवायची. एरवी ही फुलं कुणी दारातसुद्धा आणत नाही.

"राग मानू नकोस, पोरी," फुलवाली म्हणाली. "पण सात वर्षं झाली. एखादी कुंडी ठेवलीस तर तुझ्याच जिवाला..."

"ओ बाई!" मागून रेजिस कडाडला. "जिवंत पोरीला शेवंती वाहायला सांगताय? जिभेला काही हाड आहे का?"

फुलवाली चपापली. ओदीलनं नवऱ्याचा दंड घट्ट धरला. तिला भरून आलं.

ओदीलची लेक नोएमी तेव्हा सतरा वर्षांची होती. अशाच सुट्टीत, फ्रान्समधल्या कोरेझच्या डोंगरातल्या याच गावी, भाड्याच्या घरातून ती फिरायला म्हणून निघाली ती परतलीच नाही. पोलिसांनी जंगल पालथं घातलं, नदी ढवळली. हाती काही लागलं नाही. घरच्यांशी भांडून पळालेल्या पोरी येतात कधीतरी, असं म्हणून त्यांनी हात झटकले.

मग एकेकानं आशा सोडली. ओदीलच्या बहिणीनंसुद्धा. रेजिसनं मात्र नाही. "ती आली तर इथंच येईल," तो म्हणायचा, आणि दर साली तेच घर, सणाच्याच आठवड्याला घ्यायचा. तेवढ्या एका आशेवर ओदील उरलेलं वर्ष ढकलायची.

घरमालकीण मादाम पूजाद तर त्याचं कौतुक करताना थकत नसे. दुपारी ती चेस्टनटचं सूप घेऊन आली आणि चुलीपाशी ठाण मांडून बसली.

"रेजिस काही पोरीचा जन्मदाता नव्हे," ती म्हणाली. "पण सख्खा बाप तरी एवढं करील का? नाहीतर आमचे हे होते! मी चार दिवस माहेरी गेले तरी पत्ता नसायचा. भूक लागली की मग आठवण."

ओदील कितीतरी दिवसांनी हसली.

"चला, निघतो," रेजिस म्हणाला. "खालच्या गावात पोस्टरं लावून येतो. तू पड जरा. तुला ते बघवत नाही."

खरंच होतं ते. पोरीचा चेहरा खांबावर चिकटवायचा म्हटलं की ती पाठ फिरवायची. म्हणून ते काम तो एकट्यानं करायचा, तिला कधी बरोबर येऊ दिलं नव्हतं.

गाडी गेली, आणि पोस्टरांचा गठ्ठा टेबलावरच!

"वेंधळा कुठला," मादाम म्हणाली. "अगं, जंगलातून उतर. गाडीरस्ता मोठा वळसा घेतो. पडक्या गिरणीपाशी गाठशील त्याला."

गठ्ठा छातीशी धरून ओदील निघाली. धुकं दाटलं होतं, पाचोळा निसरडा झाला होता. तरी तिचं मन हलकं होतं. सगळं हिरावून घेतलं, पण देवानं हा एक माणूस तरी ठेवला, असं तिला वाटलं. यंदा आपणही जायचं, एक तरी पोस्टर आपल्या हातानं लावायचं, तिनं ठरवून टाकलं.

गिरणीपाशी गाडी उभी होती. आत कुणी नव्हतं.

ती हाक मारणार, तोच तो दिसला. गिरणीच्या मागं रान माजलं होतं, कुत्रंही फिरकत नसेल अशी जागा. तिथं रेजिस टोपी काढून गुडघ्यांवर बसला होता.

त्याच्या हातात शेवंतीची टवटवीत कुंडी होती. ती ठेवायला जागा व्हावी म्हणून तो मागच्या सालची, त्याच्या मागच्या सालची, अशा थेट पहिल्या सालापासूनच्या वाळक्या कुंड्या हलक्या हातानं बाजूला सरकवत होता.