मान खाली

"पाण्यातल्या माणसाले नावानं हाका मारू नोका, बाई," शकुबाई म्हणाली होती. "पाणी नाव शिकते."

"शिकू दे की. शाळेत घालू त्याला," कमळा हसून म्हणाली होती. आणि तलावाच्या पाळीवरून, मातीच्या बांधावरून, पुन्हा ओरडली होती, "रुखमा, मान खाली!"

रुखमा ही शकुबाईची भाची. तेव्हा शिंगाडे काढणारी पोर होती. गावातल्या सगळ्या मासे धरणाऱ्या ढिवरांच्या पोरांसारखी मान वर काढून पोहायची, पण तिच्यामागं पाण्यावर रेघ उठत नसे. कमळा रेंजरसाहेबांची बायको. नागपूरच्या कॉलेजात असताना तिनं पोहण्याच्या शर्यती पाहिल्या होत्या. तिनं पोर हेरली. मग सकाळ-संध्याकाळ पाळीवरून एकच घोषा. रुखमा, मान खाली. रुखमा, मान खाली. पोर चांद्याला पहिली आली, नागपूरला पहिली आली, आणि आज दुपारी कलकत्त्याहून तार आली. देशभरातून आलेल्या पोरींना मागं टाकून रुखमा अंतिम शर्यतीत गेली होती. शर्यत उद्या सकाळी. शकुबाईनं घरोघर गूळ वाटला.

दिवस कलताना कमळा लेकीला कडेवर घेऊन पाळीवर आली, तर तलावात कुणीतरी पोहत होतं.

काठावरच्या मोहाच्या झाडापासून घाटाच्या पायरीपर्यंत, आणि परत. उजवा हात लांब पडायचा, डावा जरा आखूड. पायरीशी आलं की अंग गोळा करून एकदम वळण. ते वळण कमळानंच शिकवलेलं. आसपासच्या गावांत दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. मागं पाण्यावर रेघ नव्हती.

आधी तिला आनंदच झाला. आली वाटतं पोर! मग दुपारची तार आठवली.

ती बघत राहिली. काहीतरी चुकत होतं, पण काय ते कळेना. हात बरोबर पडत होते, पाय बरोबर होते. मान खाली होती. अगदी हवी तशी खाली.

मग तिनं लेकीला घट्ट आवळून धरलं.

ते श्वास घेत नव्हतं. एकदाही तोंड बाजूला वळलं नव्हतं. जाऊन येऊन, जाऊन येऊन, एकदाही नाही. श्वास घे, असं कमळानं पाळीवरून कधी ओरडून सांगितलंच नव्हतं. ते रुखमाला आपसूक यायचं.

शकुबाई केव्हा मागं येऊन उभी राहिली, कळलं नाही. कोण हाये, असं तिनं विचारलं नाही. खाली उतरली, काठाला लावलेल्या डोंग्यातलं वल्हं उचललं आणि डोंग्यावर हाणलं. ढक्. ढक्. ढिवर आपल्या माणसाला पाण्यातून असंच बोलावतात.

हात थांबले नाहीत.

"आमची हाक त्याले ठाऊक नाई," शकुबाई म्हणाली. "त्याची मास्तरीण तुमी."

"उख्मा!" कडेवरची लेक एकाएकी हसून ओरडली.

तलावाच्या मध्यावर ते वळलं. मोहाकडे नाही, पायरीकडे नाही. सरळ त्यांच्याकडे.

कमळानं लेकीच्या तोंडावर हात दाबला. लेक रडू लागली, तरी काढला नाही. ते काठाशी आलं. एक हात ओल्या दगडावर टेकला आणि थांबलं. केस पाण्यावर पसरलेले, तोंड पाण्यात. पुढं काय करू, हे ऐकायला रुखमा अशीच थांबायची.

"बोलू नोका," शकुबाई कुजबुजली. "काईच बोलू नोका, बाई."

दोनच शब्द कमळाच्या ओठांवर आले होते. मान वर. त्यानं ऐकलं असतं. तिचं सगळं ऐकत आलं होतं. पण वर आलेलं तोंड कुणाचं असेल, हे तिला पाहवलं नसतं. ती लेकीला घेऊन मागं-मागं सरकत पाळ उतरली.

कलकत्त्याला गेलेली ती रुखमाच ना, हे विचारणार कसं? तारघर उद्या उघडेपर्यंत शर्यत होऊन गेलेली असेल. म्हणून तुम्हाला सांगायचं. तुमच्यापैकी कुणी आज कलकत्त्यात असेल, तर कमळासाठी एवढं करा. सकाळी त्या पोहण्याच्या तलावावर जा. ओरडू नका, नाव घेऊ नका. काठावर उभं राहून नुसतं बघा, आमची रुखमा श्वासाला तोंड वर काढते ना.