शैलजाच्या नोंदी

मिक्सर सुरू होताच रेवतीचे दोन्ही हात फडफडू लागले. तिच्या मनगटावरचा पट्टा गोड आवाजात म्हणाला, "आई, मला मजा वाटते!"

"बघा मॅडम, एकोणीस वर्षांनी पोरगी आई म्हणाली," शैलजा म्हणाली. "हे ऐकायला रोज मुद्दाम चटणी वाटते मी."

स्वमग्नता केंद्राच्या तांबोळी मॅडम रेवतीचा घामेजलेला तळवा न्याहाळत होत्या. "हात फडफडले की मजा, हे पट्ट्याला कोणी शिकवलं?"

"मीच. तुम्हीच म्हणालात ना, महिनाभर तिच्या खुणांचे अर्थ भरा?"

"पट्ट्यावर तिची नाडी बघा, एकशे चाळीस. ती घाबरलीय, ताई. पट्टा तुमचंच तुम्हाला ऐकवतोय."

शैलजाने झटकन मिक्सर बंद केला. रेवतीचे हात हळूहळू खाली आले.

"मग आता?"

"तुमच्या नोंदी पुसायच्या. पट्टा तिच्याकडूनच शिकेल. पण वर्षभर तरी काही बोलणार नाही."

"आईसुद्धा म्हणणार नाही?"

शैलजा दोनदा खिडकीपर्यंत गेली, दोनदा परत आली. मग तिने पट्ट्याचं बटण दाबून नोंदी पुसल्या आणि लेकीसमोर फरशीवर बसली.

"सांग बाई," ती म्हणाली, "मला काहीच माहीत नाही."