अलीकडची खुर्ची

उमेदवारासाठी ठेवलेली खुर्ची डुगडुगत होती. व्हर्लिन फ्रीझनने ती उचलून भिंतीशी ठेवली, कोपऱ्यातली दुसरी आणली, बसून पाहिली आणि मगच त्याचं समाधान झालं. टेबलापलीकडे तीन खुर्च्या, अलीकडे ही एक. विनिपेगच्या या रुग्णालयात फार्मासिस्ट म्हणून त्याचे केस पिकले होते. या खोलीत आजवर किती मुलाखती घेतल्या, याचा हिशेब त्याने ठेवला नव्हता.

तो बाहेर आला. कॉफीच्या यंत्रापाशी लारिसा बोय्को उभी होती. कॉलेजात असताना ती त्याच्याच हाताखाली वॉर्डात शिकली होती. आज अंगात नवा कोट होता आणि हातातल्या कपात कॉफी हिंदकळत होती.

"गाडीचा इंजिन-हीटर प्लगला लावून आलीस ना?" त्याने विचारलं. "उणे तीस आहे. नाहीतर संध्याकाळी इंजिन हलायचं नाही."

"लावला, सर. पण इंजिनापेक्षा मीच जास्त गारठलेय. रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

"पहिलीच वेळ ना?"

"पहिलीच. आणि त्यात तुम्ही समोर."

"मी समोर असलो म्हणून काय झालं? आत गेलो की तू मला ओळखत नाहीस. माझी भीड धरलीस, तर मीच आपल्या प्रमुख गुद्रूनकडे तक्रार करीन."

लारिसा हसली.

"एक विचारू? रागावणार नाही ना?"

"रागावलो तर कॉफीचे पैसे तू दे."

"पाच वर्षांपूर्वी फार्मासिस्टांच्या त्या सभेत तुम्हीच म्हणाला होतात ना? रेसिडेन्सी म्हणजे पदवीनंतर आणखी एक वर्ष अर्ध्या पगारात राबवून घ्यायची सोय आहे म्हणून?"

"म्हणालो होतो. टाळ्याही पडल्या. तू वाजवल्यास का?"

"तळहात लाल होईपर्यंत."

सभा व्हर्लिनने जिंकली होती. नियम मात्र गुद्रून पॉलसनच्या मनासारखा झाला. यापुढे डॉक्टरांबरोबर वॉर्डात फिरून औषधं ठरवायची, तर रेसिडेन्सीचं ते वर्ष पुरं केलेलाच फार्मासिस्ट लागणार होता. बाकीच्यांनी तळघरातला औषधखाना सांभाळायचा. सवलत कोणालाच नव्हती. रेसिडेन्सीची जागा मात्र वर्षाला एकच, आणि यंदा तिच्यासाठी अकरा अर्ज आले होते.

"मग तुमचं मत बदललं?" लारिसाने विचारलं.

"मत कुठलं बदलतंय! व्हॅन्कोमायसिन बदललं."

"म्हणजे?"

"पूर्वी त्या अँटिबायोटिकचा पुढचा डोस द्यायच्या आधी रक्तातली पातळी बघायची आणि डोस ठरवायचा. मी ते चालता चालता सांगायचो. आता दिवसभरात शरीराला एकूण किती औषध मिळालं, त्याचा हिशेब करतात. त्याने किडनी वाचते. असलं सगळं वॉर्डात आपोआप शिकता येतं, असं मी त्या सभेत ठणकावून सांगितलं होतं." त्याने कॉफीचा घोट घेतला. "येतं की शिकता. पण कोणी समोर बसवून शिकवलं तर लवकर येतं. मधल्या काळात ज्याची किडनी जाते, तो काही सभेला आलेला नसतो."

"हे गुद्रूनना सांगितलंत?"

"छे! तिला एवढ्यात कशाला खूश करू?"

या वेळी लारिसा मोकळेपणाने हसली. मग पुन्हा गंभीर झाली.

"सर, हात कापतायत माझे."

"टेबलावर सपाट ठेव. शब्द सापडला नाही तर गप्प राहा. क्षणभर शांतता झाली म्हणून कोणी मरत नाही. आणि पाठ केलेलं बोलू नकोस, मला लगेच कळतं."

"आणि आज ही जागा भलत्याच माणसाला मिळाली तर?"

"मिळणार नाही."

"एवढी खात्री?"

"एवढी."

दार उघडलं. गुद्रूनने बाहेर डोकावून पाहिलं. औषध विभागाची प्रमुख असली, तरी व्हर्लिनची फिरकी घ्यायची संधी तिने कधी सोडली नव्हती.

"अरे वा, टाय! व्हर्लिन, तुझ्या गळ्यात टाय मी शेवटचा पाहिला तो तुझ्या लग्नात."

"तेव्हाही समोर अशीच कडक मंडळी बसली होती."

"बसली होती, आणि तरी तू निभावलंस. चला, दोघंही आत या. डॉक्टर केव्हाचे येऊन बसलेत."

किडनी विभागाचे डॉक्टर मधल्या खुर्चीत होते. गुद्रून त्यांच्या उजवीकडे बसली. लारिसा दाराशी घुटमळली आणि तिने व्हर्लिनकडे पाहिलं. त्याने डोळ्यांनीच खूण केली. जा.

टेबलाला वळसा घालून ती पलीकडच्या, रेसिडेन्सी पुरी केलेल्या फार्मासिस्टसाठी राखलेल्या तिसऱ्या खुर्चीत जाऊन बसली. दोन्ही हात तिने टेबलावर सपाट ठेवले.

व्हर्लिन अलीकडच्या खुर्चीत बसला. ती जराही डुगडुगली नाही.

"मिस्टर फ्रीझन," लारिसा म्हणाली आणि क्षणभर गप्प राहिली. "ही रेसिडेन्सी तुम्हाला का करायची आहे?"