बोटीआधीची चाचणी

बोट सुटायला अजून आठवडा होता, पण सुनेत्राला घरात बसवत नव्हतं. वडिलांचं, अण्णांचं, आजारपण आणि त्यांना कुणी ठेवायचं यावरून भावांची रोजची भांडणं! भरलेली बॅग तिने पुन्हा उपसली. शेवटी न राहवून तिने बोटकंपनीची पट्टी कपाळाला लावून पाहिली. ती लावली की प्रवासात घरची कुठलीच काळजी आठवणार नव्हती.

किती हलकं वाटलं! ती गुणगुणत घड्या घालू लागली.

आतल्या खोलीत कुणीतरी पेल्यावर चमचा वाजवला. कॉटवर एक म्हातारा होता. तिने त्याला पाणी पाजलं.

"आजोबा, तुमचं कुणी नाही का हो?"

म्हातारा तिच्या कपाळाकडे पाहतच राहिला.

"आहे ना, मुलगी आहे," तो म्हणाला. "फार दमलीये. बोटीवर जायचंय तिला."